वाघिणीला ताप आला

आत्मकथन म्हातारपणी लिहावं अशी रीत आहे. दात पडलेले असावेत, नातवंडं अवतीभवती असावीत, आणि ज्यांच्याविषयी खरं लिहायचं ती मंडळी एव्हाना देवाघरी गेलेली असावीत. माझी नुकती कुठं तिशी उलटलीय, दात शाबूत आहेत, आणि ज्यांच्याविषयी लिहितेय ते जवळजवळ सगळे हे वाचून उद्या सकाळी दारात उभे राहणार आहेत. तरीही लिहितेय. एकदा रक्ताचा कॅन्सर होऊन गेला की कामं म्हातारपणावर ढकलायची सवय सुटते. शिवाय माझ्या आजाराची गोष्ट माझ्या आधी आमच्या म्हसवडच्या चौकातल्या एका फ्लेक्सनं सांगून टाकलीय, आणि ती साफ चुकीची आहे. मी पत्रकं लिहिण्यात वाढलेली मुलगी. चुकीच्या मजकुराला उत्तर दिल्याशिवाय मला जेवण जात नाही.

तेव्हा मी साताऱ्याला कॉलेजात होते आणि एका विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचे. पत्रकाच्या भाषेचं एक बरं असतं, तिच्यात कुणी आजारी पडत नाही. तिच्यात लोक पेटून उठतात, एल्गार पुकारतात, आरपारची लढाई लढतात आणि शेवटी चहा पिऊन घरी जातात. आमच्या भागातल्या मुलींना कॉलेजला जायला वेळेवर एस.टी. मिळावी म्हणून आम्ही तहसील कचेरीवर मोर्चा नेला होता, त्यातला माझा एक फोटो आहे. मूठ वर, वेणी कमरेपर्यंत, तोंड उघडं आणि डोळे गच्च मिटलेले. हा फोटो लक्षात ठेवा, तो पुढं येणार आहे. मोर्चानंतर हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तर मला वाटलं घोषणा जास्त झाल्या. पायांवर निळे डाग उठले, तर वाटलं एस.टी.त उभं राहून धडकले असेन. शेवटी वडलांनी, म्हणजे अण्णांनी, मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कसलीही प्रस्तावना न करता सांगितलं की हा रक्ताचा कॅन्सर आहे, उपचार लांब चालतील, आजच भरती व्हा. माझी पत्रकंही अशीच असायची, प्रस्तावना नसलेली. पहिल्यांदाच मला ती शैली आवडली नाही.

अण्णा खाली बसले. आई मात्र उठली, पदर खोचला आणि गावाकडं फोन लावला. "काय न्हाई ओ, पेशी कमी झाल्यात जरा." हे वाक्य आईनं त्या क्षणी तयार केलं आणि पुढं कितीतरी महिने ते सरकारी निवेदनासारखं एकाही अक्षराचा बदल न करता वापरलं. पेशी हा शब्द आमच्याकडं डेंग्यूमुळं घरोघरी पोचलेला. पेशी कमी होतात, मग किवी खायची, पपईच्या पाल्याचा रस घ्यायचा, की पेशी वाढतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, सोयरीक मोडण्यासारखंही नाही. त्यामुळं झालं काय, की रक्ताच्या कॅन्सरच्या मुलीला बघायला येणारा प्रत्येक नातेवाईक पपईचा पाला घेऊन यायला लागला. सांगलीजवळ माधवनगरला आत्याच्या घरी आमचा मुक्काम असायचा, दोन उपचारांच्या मधल्या दिवसांत. त्या घराच्या ओट्यावर पाल्याचा असा ढीग पडायचा की शेजारच्या गल्लीतल्या शेळ्यांनी आमच्या दारात येऊन उभं राहायची सवय लावून घेतली. त्या शेळ्यांच्या पेशी आजही उत्तम असणार.

आत्याचं घर छोटं, आणि मागच्या गल्लीत यंत्रमाग. दिवसभर खटॅक खटॅक, खटॅक खटॅक. वीज गेली की एकदम शांत, आणि मग कळायचं की आपण किती वेळ त्या आवाजाच्या आधारानं बसलो होतो. सगळं उकळलेलं आणि शिजवलेलं खायचं, कच्चं काही नाही, बाहेरचं काही नाही. तोंड आतून सोललेलं, त्यामुळं मुगाची खिचडीसुद्धा तिखट लागायची, आणि आत्याचे यजमान समोर बसून सांगलीचं भडंग खायचे. वास यायचा लसणीचा. मग गोळ्यांचे असे काही दिवस यायचे की मला राक्षसासारखी भूक लागायची. तेव्हा आई हुलग्याचं माडगं करायची, आमच्या माणदेशातलं, पातळ, गरम, गूळ घातलेलं. मी वाडग्यावर वाडगं रिचवायचे आणि आई फोनवर सांगायची, "जेवण चांगलं चाललंय, पोरगी लय खंबीर हाय." गोळी खंबीर होती. पण श्रेय मला.

भेटायला येणं ही आमच्याकडची फार मोठी रीत. एकट्यानं कुणी येत नाही, गाडी भरून येतात. आल्यावर आधी पाणी, मग चहा, मग माझ्या तोंडाकडं बघून च्च च्च, आणि मग कुणाच्या तरी मेहुणीची गोष्ट. त्या मेहुणीला डॉक्टरांनी हात टेकले होते, पण ती रोज सकाळी हसायची, म्हणून वाचली. निघताना प्रत्येकजण दारात थांबून मूठ आवळायचा. "पॉझिटिव्ह राहायचं! निम्मा आजार मनात असतो." मला विचारावंसं वाटायचं, की मग उरलेला निम्मा कुठं असतो, आणि त्यासाठी पाठीच्या कण्यात सुई का घालतात? पण आई माझ्याकडं बघायची. आईचा नियम एकच होता : लोकांसमोर तोंड पाडायचं नाही. ती स्वतः कुणी यायच्या आधी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून यायची. मी तिला एकदाही रडताना पाहिलं नाही. मला वाटायचं, हिला भीतीच वाटत नाही. आणि जिच्या आईला भीती वाटत नाही तिनं घाबरायचं तरी कुणाजवळ?

त्याचं उत्तर वॉर्डात शेजारच्या खाटेवर होतं. नसरीन मिरजेचीच, तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनतात. आजार माझाच, मुक्काम माझ्याआधीपासूनचा. माझे केस गेले त्या दिवशी आई म्हणाली, "जाऊ दे, परत येत्यात." परिचारिका म्हणाली, "छान दिसतंय." नसरीन खाटेवरून उतरली, माझ्या टकलावर बोटाच्या पेरानं टकटक केली आणि कान लावून ऐकलं. "अब्बा भोपळा घेताना असंच बघत्यात," ती म्हणाली. "अजून कच्चा हाय गं तू. तंबोऱ्याला चालणार न्हाईस." त्या दिवसांत मला हसवणारं ते पहिलं माणूस. बाकीचे सगळे मला हसायला सांगत होते, ते वेगळं.

रडायचा तास तिनंच काढला. "दिवसभर रडलं तर डोळं सुजत्यात," ती म्हणाली, "आन्‌ अजिबात न्हाई रडलं तर डोस्कं सुजतं. टाईम लावून टाकू." दुपारचा चहा झाला की दोन खाटांभोवतीचा पडदा ओढून घ्यायचा आणि रडायचं. मन लावून. तिनं नियमही केले होते. देवाला शिव्या द्यायच्या असतील तर प्रत्येकीनं आपापल्या देवाला द्यायच्या, दुसरीच्या नाही. मरणाबद्दल बोलायचं असेल तर स्पष्ट बोलायचं. कुणी धीर दिला तर तिची बिस्किटं जप्त. आणि पडदा उघडायच्या आधी तोंड पुसायचं. मी पहिल्या दिवशी ओशाळून नुसती बसले होते, तर ती म्हणाली, "काय गं, मोर्चात तर लय वरडत हुतीस म्हणं? आता कुणी लाठी मारत न्हाई, वरड की." मग मी रडले. म्हणाले, मला मरायचं नाही. ती म्हणाली, मलापण. बस्स, एवढंच. त्या तासानंतर मला रात्री झोप लागायला लागली. आज मी रुग्णांच्या बैठका घेते. तिथं मोठी माणसं येऊन मनोबल, सकारात्मक ऊर्जा वगैरे विषयांवर पडद्यावर चित्रं दाखवून बोलतात. मी मागं बसून ऐकते आणि मनात म्हणते, आमच्याकडं एक पडदा होता, त्यावर काहीच दिसत नव्हतं, आणि तो जास्त कामाचा होता.

आता फ्लेक्स. उपचारांचा पहिला मोठा टप्पा संपला आणि तपासणी चांगली आली. डॉक्टरबाईंनी अगदी सावकाश सांगितलं की आजार सध्या दबलेला आहे, बरा झालेला नाही. उपचार अजून पुष्कळ बाकी आहेत. पेशी खरोखरच कमी आहेत. गर्दी टाळायची, फुलं नकोत, धूळ नको. आणि ताप आला तर घरी गोळी देत बसायचं नाही, थेट मिरज गाठायची. या अवस्थेत ताप म्हणजे घराला लागलेली आग, विझेल का बघत बसायचं नसतं. अण्णांनी मान डोलावली, बाहेर येऊन गावाला फोन केला आणि या सगळ्याचं एका शब्दात भाषांतर केलं. "क्लिअर!"

फोन उचलला होता माझ्या चुलतभावानं, विक्रमदादानं. विक्रमदादा तरुण मंडळाचा अध्यक्ष आणि नगरपालिकेचा भावी नगरसेवक. तो बरीच वर्षं भावीच आहे. विश्रांतीसाठी चार दिवस घरी जायची परवानगी घेऊन आम्ही म्हसवडला पोचलो, तर चौकात दोन मजली उंचीचा फ्लेक्स. "कॅन्सरला चारी मुंड्या चीत करून परतलेली माणदेशची वाघीण!" मध्ये मी. फोटो तोच, मूठ वर, वेणी कमरेपर्यंत. एस.टी.च्या वेळापत्रकासाठी वर केलेली मूठ कॅन्सरवर उगारलेली. माझ्या मागं जबडा उघडलेला खरा वाघ, माझ्यापेक्षा मोठे तालुक्याचे पुढारी, म्हणजे साहेब, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत काळा गॉगल लावून मोबाईलवर बोलणारा विक्रमदादा. आईनं इतके महिने जीव तोडून लपवलेला शब्द अख्ख्या गावासमोर फूटभर अक्षरांत, तोसुद्धा पिवळ्या रंगात.

आईनं गाडीत पदर तेवढा डोक्यावर पुढं ओढून घेतला.

"वैनी, उद्या सकाळी सत्कार हाय," विक्रमदादा घरी येऊन म्हणाला. त्याच्या चुलतीला तो लहानपणापासून वैनीच म्हणतो, त्याच्या वडलांचं ऐकून. "सिद्धनाथाच्या देवळाम्होरं, आपल्या दाराम्होरल्याच चौकात स्टेज टाकलंय. हलगी सांगितलीय. सायेब सोता येत्यात. फेटा बांधू हिला, म्हंजे टक्कल बी दिसायचं न्हाई."

"गर्दीत बसायचं नाही मला, दादा," मी म्हटलं.

"आगं, गर्दी न्हाई, आपलीच मान्सं. गुलाल बी लांबनंच उधळू."

गुलाल लांबून उधळण्याची युक्ती म्हसवडच्या इतिहासात अजून कुणाला साधलेली नाही. आमच्याकडं सिद्धनाथाच्या रथाच्या दिवशी गाईगुरंसुद्धा गुलाबी होतात. मी अण्णांकडं पाहिलं, अण्णांनी आईकडं पाहिलं, आई म्हणाली, "पाच मिनिटं बसून यील. लोकं एवढं करत्यात. तोंड पाडून बसू नको, प्राजे."

सकाळी मला थंडी वाजून जाग आली. दात वाजत होते. मी थर्मामीटर लावलं आणि आईच्या हातात दिलं. तोवर बाहेर हलगी सुरू झालेली, माइकवर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं आणि विक्रमदादा केशरी फेटा घेऊन उंबऱ्यात हजर.

"ताप आहे," मी म्हटलं. "मिरजेला जायचंय. आत्ता."

"आरं बापरे," तो म्हणाला. आणि त्याला मनापासून वाईट वाटत होतं, हे मी आजही कबूल करेन. "पर सायेब गोंदवल्यापतुर आल्यात गं. हार घाल्तील, फोटू काढ्तील, की लगीच गाडीत. उन्हानं बी येतो ताप. मोर्चात कशी हुतीस तू! वाघीण हायेस न्हवं?"

माझी सगळी पत्रकं त्या क्षणी माझ्या अंगावर आली. लढा, झुंज, माघार नाही. मला ओरडायचं होतं की मला माघारच घ्यायचीय, पूर्ण, बिनशर्त, गाडीच्या मागच्या सीटवर पांघरूण घेऊन. पण दात इतके वाजत होते की शब्द निघेना. अण्णा पायताण घालत होते, परत काढत होते. "सायेब आलं की लगीच निघू," ते म्हणाले. "मान्सं काय म्हंतील?"

आई थर्मामीटर उजेडाला धरून उभी होती. मग तिनं ते खाली ठेवलं, विक्रमदादाच्या हातातला फेटा घेतला, मला वाटलं आता माझ्या डोक्याला बांधते की काय. तिनं तो खांद्यावर टाकला आणि दारातून बाहेर पडली. मोरीकडं वळली नाही. तोंड धुतलं नाही. तशीच, विस्कटलेल्या केसांनी, सरळ स्टेजवर चढली. आम्ही उंबऱ्यातून बघतोय. माइकवरचा माणूस म्हणाला, "आणि बघा, वीरमाता स्वतः..." आईनं त्याच्या हातातून माइक काढून घेतला. हलगीवाला थांबला.

"ताप आलाय माझ्या लेकीला," आई म्हणाली. माइक तोंडाच्या फार जवळ होता, आवाज फाटत होता. "ती वाघीण-बिघीण न्हाई. पोरगी हाय, आजारी हाय. मी सगळ्यास्नी सांगितलं पेशी कमी झाल्यात. खोटं बोल्ले. तिला क्यान्सर हाय. रक्ताचा. अजून ग्येला न्हाई." तिनं खांद्यावरचा फेटा सावरला. "मला लय भ्या वाटतंय. रोज वाटतंय. ही गर्दी मोडा आन्‌ गाडीला वाट द्या. आन्‌ माझ्या पोरीला कुनी धीर देऊ नगा, तिला धीर दिऊन दिऊन दमवलीय आपुन."

मग तिला माइक बंद करता येईना, म्हणून ती तो हातात घेऊनच रडायला लागली. अख्ख्या चौकानं आईचं रडणं कर्ण्यावरून ऐकलं. सिद्धनाथानंही ऐकलं असणार, तो समोरच होता.

गाडी विक्रमदादानंच चालवली. साहेबांचा ताफा आम्हाला समोरून आला, तर विक्रमदादानं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही आणि भावी नगरसेवकपदाला बाजूनं धूळ चारत निघून गेला. आई मागं माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि केशरी फेटा माझ्या अंगावर पांघरलेला. थोडं अंतर गेल्यावर ती म्हणाली, "रडायचा तास आज लवकर धरू."

मी डोळे उघडले. "तुला ठाऊक होतं?"

"पडद्याभायेर कोन हुबं ऱ्हायचं मग? लोकं यायची भेटाया. म्या सांगायची, पोरी प्रार्थना करत्यात, थांबा जरा." तिनं नाक पुसलं. "वाटायचं, हाक मारशील आत. कवाच मारली न्हाईस."

"तू रडतच नाहीस. मला वाटलं, तुला भीती वाटत नाही."

"आन्‌ मला वाटलं, म्या रडले तर तू खचशील," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी मिरज येईपर्यंत रडलो. समोर विक्रमदादानं गॉगल लावला होता. त्याच्या गालावरून काय ओघळत होतं ते मी पत्रकात छापणार नाही. आम्ही पोचलो, लगेच सलाइन लागलं, औषधं सुरू झाली. डॉक्टरबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या की सत्कार घेऊन आला असतात, तर मला वेगळ्या प्रकारचा हार लागला असता. त्या विनोद करत नसत. तेव्हाही केला नव्हता.

त्या दिवसापासून पडद्याआड आम्ही तिघी असायचो. आईला पहिल्यांदा नसरीननं नियम समजावले, आणि आईनं पहिल्याच दिवशी आम्हाला धीर देऊन आपली बिस्किटं गमावली.

पुढच्या वर्षी नसरीन गेली. आजार उलटला, औषधं चालेनात. तिला माती द्यायला गेलो तेव्हा गल्लीत एक गृहस्थ मला म्हणाले, "तुम्ही लढलात. तिनं हिंमत सोडली असणार." त्या गृहस्थांना मी तेव्हा काहीही बोलले नाही, कारण तिचे अब्बा जवळ उभे होते. आता बोलते. औषध लागू पडलं म्हणून मी आहे आणि औषध लागू पडलं नाही म्हणून ती नाही. हिंमत तिच्याकडं माझ्यापेक्षा जास्त होती, विनोद तर कितीतरी जास्त. जगलेल्यांना वाघीण म्हणता, तेव्हा गेलेल्यांना तुम्ही काय म्हणता, हे एकदा फ्लेक्सवर छापा. पिवळ्या रंगात.

हल्ली मी पुन्हा पत्रकं लिहिते, आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांसाठी. पपईचा पाला शेळीला द्या, असं पहिलं वाक्य आहे. आईला ते आगाऊपणाचं वाटतं. माझे उपचार केव्हाच संपले, तपासणीला मात्र जावं लागतं, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी मी अजून पायांवर निळे डाग शोधते. तो फ्लेक्स विक्रमदादानं त्याच आठवड्यात उतरवून आमच्या अंगणातल्या कडब्याच्या गंजीवर अंथरला, वर चार दगड ठेवले. ऊन-पावसानं वाघ केव्हाच पांढरा पडला, साहेबांना शेळीनं दाढीपासून खाल्लं, माझी वर केलेली मूठ तेवढी अजून दिसते. परवा मिरजेहून रिपोर्ट यायचा होता आणि मी त्या गंजीशेजारी फोन हातात घेऊन बसले होते. आई चहाचे दोन कप आणि बिस्किटं घेऊन बाहेर आली, खाली बसली, गुडघे जवळ घेतले.

"भ्या वाटतंय?" तिनं विचारलं.

"लय," मी म्हटलं.

"मला बी," ती म्हणाली, आणि आपली बिस्किटं मुकाट्यानं माझ्याकडं सरकवली.